एकेचाळीस हजार किलोमीटरचं इंजिन

श्यामला पाटणकरांनी ती गाडी विकत घेतली तेव्हा ती चालत नव्हती, आणि ती पुन्हा चालेल असं त्यांच्याखेरीज कुणालाच वाटत नव्हतं. मलाही नाही.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो, डमडमला, स्टेशनपासून दहा मिनिटांवर. बँकेच्या बदलीत इथे आलो तेव्हा इमारतीत मराठी बोलणारं दुसरं घर एकच, पाटणकरांचं. पहिल्याच आठवड्यात श्यामलाताई वाटीभर मेतकूट घेऊन खाली आल्या, जाताजाता माझ्या स्कूटरचा आवाज ऐकला आणि म्हणाल्या की क्लच प्लेट महिन्याभरात जाईल. सव्वीस दिवसांनी गेली.

त्या मूळच्या कराडच्या. ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केला तेव्हा चाळीस मुलांत त्या एकट्याच मुलगी. कार्यशाळेत मुलं इंजिन उघडायची आणि यांच्या हातात वही यायची, कारण यांचं अक्षर चांगलं. तीन वर्षांत त्यांनी एकही इंजिन स्वतः जोडलं नाही. पुढे एका सरकारी विमा कंपनीत लागल्या, मोटार दाव्यांच्या विभागात. त्यांचे यजमान चंद्रकांतराव केंद्र सरकारच्या लेखा खात्यात. दोघांची बदली जमवून कलकत्त्याला आले ते मुलीच्या शाळेपायी इथेच राहिले. अपघात झालेल्या गाड्या बघायच्या, कोणता भाग बदलायचा, कोणता दुरुस्त होतो, जुन्या भागाची किंमत किती धरायची हे ठरवायचं, हे श्यामलाताईंचं काम. गॅरेजवाले त्यांना वचकून असत. "बरा दिसतोय" किंवा "खराब वाटतोय" असं कुणी म्हटलं की त्या म्हणायच्या, मोजलं का? मोजलं नसेल तर सही मिळायची नाही.

ती गाडी आमच्या गल्लीच्या टोकाला डॉक्टर सान्यालांच्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. परदेशी बनावटीची, दोन दारांची, बुटकी, करड्या रंगाची, २००९ सालची. सान्यालांनी हौसेनं घेतली होती. सहा वर्षांपूर्वी इंजिनातून ठोके येऊ लागले, कंपनीच्या वर्कशॉपनं नवं इंजिन टाकावं लागेल म्हणून चौदा लाखांचा आकडा दिला, आणि डॉक्टरांनी गाडी घरी आणून झाकून ठेवली. मीटरवर एकेचाळीस हजार किलोमीटर. २०२४च्या जानेवारीत ती भंगारात जाणार असं श्यामलाताईंच्या कानावर आलं. गाडीचा विमा कधीच संपलेला, त्यामुळे त्यांच्या ऑफिसशी तिचा काही संबंध नव्हता. तरीही त्यांनी आधी साहेबांना लेखी कळवलं आणि मग दोन लाख ऐंशी हजारांना गाडी घेतली.

चंद्रकांतराव चिडले नाहीत. दोन दिवस त्या विषयावर बोललेच नाहीत, आणि त्यांच्या घरात तेच जास्त गंभीर असतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला चहाला वर बोलावलं. मी काहीतरी समजूत घालीन अशी त्यांची अपेक्षा असावी. त्यांचं म्हणणं सरळ होतं. श्यामला एकोणसाठ वर्षांची होणार, गुडघे दुखतात, निवृत्तीला वर्ष राहिलंय. नोव्हेंबरच्या चौदा तारखेला गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होतायत. तोपर्यंत ती तपासणीत पास होऊन नोंदणी पुढे वाढली नाही, तर ती रस्त्यावर आणताच येणार नाही. आणि चालवणार कोण, चालवून जायचं कुठे?

श्यामलाताई पोह्यांवर खोबरं घालत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "एकतीस वर्षं मी दुसऱ्यांनी उघडलेली इंजिनं बघितली. मला एक स्वतः उघडायचंय, आणि स्वतः बंद करायचंय. निवृत्त झाल्यावर नाही. आता."

चंद्रकांतरावांनी पोह्यांची बशी पुढे ओढली. मीही पोहे खाल्ले.

गाडी टेम्पोवर चढवून खिदिरपूरला नेली. तिथे गोदीच्या भिंतीलगत निमाई कर्मकारांचं लेथचं कारखानावजा दुकान आहे. लाँचचे आणि जहाजं ओढणाऱ्या टगबोटींचे क्रँक घासून देणं हे त्यांचं पिढीजात काम. निमाईदांची आणि श्यामलाताईंची ओळख दाव्यांच्या कामातली, वीस वर्षांची, अधूनमधून भांडणाची. त्यांनी मागची एक शेड भाड्यानं दिली, पण गाडीला हात लावायला नकार दिला. दिदींना करायचंय तर दिदींनी करावं, अडलं तर मी आहे, असं त्यांनी बंगालीत स्पष्ट सांगितलं. श्यामलाताईंना हेच हवं होतं.

मग दर शनिवारी-रविवारी त्या सकाळी मेट्रोनं रवींद्र सदनला जात, तिथून बसनं खिदिरपूर. जुनी सलवार-कमीज, वर चंद्रकांतरावांचा टाकून दिलेला शर्ट. मी अधूनमधून बरोबर जायचो, मुख्यतः जड उचलायला. इंजिन बाहेर काढायला चार रविवार गेले. प्रत्येक बोल्ट कुठून निघाला ते त्या पुठ्ठ्यावर इंजिनाचं चित्र काढून त्यात खोचून ठेवत.

पाचव्या रविवारी इंजिन खालून उघडलं. क्रँक म्हणजे पिस्टनची वरखाली हालचाल गोल फिरवणारा जाड दांडा. तो पातळ, अर्धगोल बेअरिंगांमध्ये फिरतो आणि दोघांच्या मध्ये तेलाचा पापुद्रा असतो. बेअरिंग झिजलं की मधली फट वाढते आणि ठोका पडायला लागतो. श्यामलाताईंनी पहिलं बेअरिंग उचलून उजेडात धरलं. वरचा करडा थर उडून आतलं तांबं दिसत होतं. सहाच्या सहा तशीच. मग त्यांनी क्रँक मोजला, प्रत्येक जागी दोनदा, आडवा आणि उभा, आणि आकडे मला लिहायला सांगितले. शेवटचा आकडा झाल्यावर त्या स्टुलावर बसल्या.

"क्रँक शाबूत आहे, कौस्तुभ. नवं इंजिन लागत नाही."

मी विचारलं की लाखभर किलोमीटर सहज टिकायची बेअरिंगं एकेचाळीस हजारांत कशी गेली. गाडी कमी चालली म्हणूनच गेली, असं त्यांनी सांगितलं. डॉक्टर रविवारी क्लबपर्यंत जायचे आणि परत यायचे. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद. तेलात पेट्रोल आणि ओल मिसळत राहिली. आणि किलोमीटर होत नाहीत म्हणून तेल तीन-तीन वर्षं बदललं नाही.

त्या दिवसापासून शेडच्या भिंतीवर एक मोठा कागद लागला. त्यावर प्रत्येक भागाचं नाव, तो किलोमीटरनं झिजतो की वर्षांनी, आणि पुढे एकच शब्द: "नवा" किंवा "चालेल". पिस्टन, व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हची उघडमीट करणारे कॅम हे किलोमीटरनं झिजणारे. ते जवळजवळ कोरे होते. रबरी नळ्या, पट्टे, गॅस्केट, वॉटर पंपातली प्लास्टिकची पाती ही वर्षांनी जाणारी, आणि कलकत्त्याच्या दमट हवेत पंधरा वर्षं काढलेली. ती सगळी बदलायची. चौदा लाखांचं काम तीन लाख दहा हजारांवर आलं. काही भाग परदेशातून मागवले, काही मल्लिकबाजारात जुन्या गाड्यांच्या ढिगांतून शोधून काढले.

एकाच भागावर त्यांचं आणि निमाईदांचं वाजलं. इंजिनाच्या पुढच्या बाजूला क्रँक आणि कॅम एका तालात फिरवणारी टायमिंग चेन असते, आणि ती सरळ रेषेत राहावी म्हणून तिच्या कडेनं प्लास्टिकच्या दोन लांब पट्ट्या बसवलेल्या असतात. त्या पांढऱ्या असायला हव्यात, त्या चहासारख्या तपकिरी झाल्या होत्या. तडा कुठेही नव्हता. बदलायच्या तर पुढचं सगळं झाकण खोलायचं, कॅम जागच्या जागी धरून ठेवणारं खास हत्यार आणायचं, पट्ट्यांना दोन महिने थांबायचं, आणि वर चाळीसेक हजार. श्यामलाताईंनी नखानं दाबून पाहिलं. अजून दोन वर्षं जातील म्हणाल्या. निमाईदा फक्त एवढंच म्हणाले, "दिदी, रंग बघा." श्यामलाताईंनी कागदावर "चालेल" लिहिलं.

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी इंजिन सुरू झालं. आधी खोकलं, निळा धूर सोडला, मग एका लयीत फिरू लागलं. ठोका नव्हता. निमाईदांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून बराच वेळ ऐकलं आणि मान डोलावली. श्यामलाताईंनी हात पुसायचं फडकं घडी घालून ठेवलं, परत उलगडलं, परत घडी घातलं.

तिसऱ्या फेरीला त्यांनी मला शेजारी बसवलं आणि गाडी बजबजच्या रस्त्याला घेतली. सकाळची वेळ, ज्यूट मिलची शिफ्ट सुटत होती, सायकलींच्या मधून त्या बेतानं चालवत होत्या. गाव पाच-सहा किलोमीटरवर आलं असेल, तेवढ्यात समोर लाल दिवा लागला, तेलाचा. मला तो दिसून कळायच्या आत त्यांनी इंजिन बंद केलं होतं. गाडी जडपणे घरंगळत एका चहाच्या टपरीशी थांबली. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते.

"प्लास्टिक," त्या म्हणाल्या. "मी 'चालेल' लिहिलं होतं."

गाडी दोरीनं ओढत खिदिरपूरला आणली. तळाची तेलाची टाकी उघडली तर तेल शोषून घेणाऱ्या जाळीत तपकिरी तुकडे दाटून बसलेले. पट्टीचं टोक तुटून त्याचा भुगा झाला होता आणि तेलाची वाट बंद झाली होती. दोन-तीन सेकंदांत इंजिन बंद केल्यामुळे क्रँक वाचला होता. एका नव्या बेअरिंगवर मात्र खोल चरे होते. म्हणजे सगळं पुन्हा उघडायचं.

पुढच्या शनिवारी त्या खिदिरपूरला गेल्या नाहीत. रविवारीही नाहीत. संध्याकाळी मी वर गेलो तेव्हा त्या बाल्कनीत बसल्या होत्या. मला वाटलं पैशांचं दुःख असेल. ते नव्हतं. त्या म्हणाल्या की एकतीस वर्षांत एकाही गॅरेजवाल्याला मी नुसतं बघून "बरा आहे" लिहू दिलं नाही, आणि स्वतःची गाडी आली तेव्हा नखानं दाबून लिहून मोकळी झाले. मला सुरू झालेलं इंजिन ऐकायची घाई होती. निमाईदांना दिसत होतं. मलाही दिसत होतं.

त्याच आठवड्यात मल्लिकबाजारातला एक व्यापारी शेडवर आला. गिअरबॉक्स, दारं, दिवे, सीट, चाकं असं सगळं सुटं करून न्यायला तो साडेपाच लाख द्यायला तयार होता. अख्ख्या गाडीपेक्षा तिचे तुकडे महाग. तोवर घातलेले जवळजवळ सगळे पैसे परत आले असते. चंद्रकांतरावांनी या वेळी अबोला न धरता, अगदी मनापासून सांगितलं की देऊन टाक. तुला इंजिन उघडायचं होतं, उघडलंस. जोडायचं होतं, जोडलंस, चालवलंस. यात हार कसली? मलाही त्यांचं पटलं होतं आणि मी तसं बोललोही.

पुढच्या रविवारी त्यांची मुलगी ऋता आईला शोधत खिदिरपूरला आली. ऋता सॉल्ट लेकला एका आयटी कंपनीत आहे. मराठी बोलते, पण बंगालीत वाढल्यामुळे लिंगाची नेहमी गल्लत होते. श्यामलाताई भिंतीवरच्या कागदासमोर उभ्या होत्या. ऋतानं बॅग ठेवली, थोडा वेळ आईकडे बघितलं आणि विचारलं, "आई, तू थकला नाही का?"

"थकलीस," श्यामलाताईंनी सवयीनं दुरुस्त केलं. "थकले गं. खूप थकले."

"मग?"

"मग चेनचं झाकण उघडायचंय. तो ट्रे दे इकडे."

त्या दिवशी त्यांनी कागदावरचे सगळे "चालेल" खोडले. अकरा होते. प्रत्येकापुढे मोजलेला आकडा तरी येईल, नाहीतर नवा भाग येईल, असं ठरलं. व्यापाऱ्याला त्यांनी फोनवर नाही सांगितलं, आभार मानले.

चौदा नोव्हेंबरला अडीच महिने होते. पट्ट्या परदेशातून विमानानं मागवल्या, चेनही नवीच. कॅम धरून ठेवायचं हत्यार मात्र भारतात कुठे मिळेना आणि बाहेरून यायला दिवाळी उलटली असती. श्यामलाताईंनी कॅमच्या टोकाची मापं घेतली आणि दोन रात्री बसून त्याचं ड्रॉइंग काढलं, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी शिकलेल्या पद्धतीनं, तीन बाजूंनी. निमाईदांनी ते लेथशेजारी लावलं आणि टगबोटीच्या जुन्या शाफ्टचा एक तुकडा कापून त्यातून हत्यार घडवलं. पहिलं केसभर सैल झालं, ते त्यांनी स्वतःच फेकून दिलं. दुसरं चपखल बसलं. त्याचे पैसे घ्यायला ते तयार होईनात. श्यामलाताईंनी बिल मागितलं आणि मिळेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.

ऑक्टोबरमध्ये त्यांनी तीन आठवड्यांची रजा टाकली. एक दिवस चंद्रकांतराव थालिपिठांचा डबा घेऊन शेडवर आले. डबा देऊन निघायचं असा त्यांचा बेत होता. पण त्या वेळी श्यामलाताई इंजिनाचे बोल्ट आवळत होत्या. प्रत्येक बोल्टला ठरलेला जोर लावायचा, मग आणखी ठरलेला कोन फिरवायचा, ठरलेल्या क्रमानं. त्या एकदा पुस्तकात बघत, एकदा बोल्टकडे. चंद्रकांतरावांना ते बघवेना. सगळा जन्म दुसऱ्यांच्या आकड्यांवर टिक मारण्यात गेलेला माणूस. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, चष्मा लावला आणि क्रमांक, जोर, कोन वाचून दाखवायला लागले. ताई आवळून "झालं" म्हणायच्या, हे पेन्सिलीनं टिक करायचे. मधे एकदा त्यांनी काम थांबवलं, कारण चौदा नंबर झाला असं ताई म्हणत होत्या आणि यांच्या कागदावर तेरावरच टिक नव्हती. तेरा खरोखरच राहिला होता. दुपारी चारला सगळे बोल्ट संपले तेव्हा थालिपिठं गार झाली होती. ती आम्ही तिघांनी उभ्यानंच खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून चंद्रकांतराव रोज येऊ लागले. गाडीबद्दलचं मत बदललंय असं ते शेवटपर्यंत म्हणाले नाहीत.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात इंजिन सुरू झालं. या वेळी ताईंनी लगेच आनंद करून घेतला नाही. शंभर किलोमीटर खिदिरपूरच्या आसपासच चालवून तेल काढलं, पांढऱ्या कापडातून गाळलं आणि कापड भिंगाखाली पाहिलं. स्वच्छ होतं. मग पाचशे किलोमीटर, पुन्हा तेच. पुन्हा स्वच्छ.

आठ नोव्हेंबरला मोटार वाहन कार्यालयात तपासणी होती. तरुण निरीक्षकानं धूर मोजला, ब्रेक पाहिले, चासी नंबर ताडून बघितला. बॉनेट उघडल्यावर तो जरा रेंगाळला. नळ्यांवर पांढऱ्या रंगानं बारीक अक्षरात तारखा लिहिलेल्या होत्या. त्यानं हिंदीत विचारलं की काम कुणी केलंय. श्यामलाताईंनी सांगितलं, मी. त्याला वाटलं प्रश्न नीट ऐकू गेला नसावा, म्हणून त्यानं गॅरेजचं नाव विचारलं.

"गॅरेज नाही," ताई म्हणाल्या. "इंजिन मीच उघडलंय. दोनदा."

त्यानं त्यांच्या हातांकडे पाहिलं आणि पुढे काही न विचारता सही केली. गाडीची नोंदणी पाच वर्षांनी वाढली. बाहेर येऊन ताई पायरीवर बसल्या आणि पहिल्यांदाच रडल्या, जेमतेम मिनिटभर. मग मला म्हणाल्या की चल, पार्किंगचा तास संपतोय.

चंद्रकांतरावांनी हिशेब केलाच. गाडी धरून सात लाख तीस हजार गेले आणि बाजारात तिचे सहा येतील. ताईंनी तो आकडा वाचला आणि बरोबर आहे म्हणाल्या. गाडी विकायचा विषय चंद्रकांतरावांनी काढला नाही, ताईंनीही काढला नाही. गाडीनं आता बावन्न हजारांचा टप्पा ओलांडलाय. दर सहा महिन्यांनी तेल बदलतं, किलोमीटर कितीही झालेले असोत.

गेल्या वर्षी मार्चमध्ये त्या निवृत्त झाल्या. खिदिरपूरची शेड त्यांनी सोडली नाही. जुन्या गाड्यांची, वर्कशॉपच्या मोठ्या आकड्यांनी गांगरलेली माणसं तिथे येतात. ताई आधी मोजतात, मग बोलतात. दुसऱ्या एका डॉक्टरांच्या चौदा वर्षांच्या गाडीवर त्यांनी तीन दिवस घालवले आणि शेवटी सांगितलं की क्रँकला तडा आहे, पैसे घालू नका. डॉक्टर नाराज होऊन गेले. दोन महिन्यांनी आपल्या बहिणीची गाडी घेऊन आले.

सध्या ताई गाड्यांचं काम करत नाहीयेत. निमाईदांकडे एका जुन्या लाँचचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन आलंय, श्यामलाताईंच्या उंचीपेक्षा हातभर उंच. निमाईदांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना बारीक मापं वाचता येत नाहीत, म्हणून या वेळी काम दोघांचं आहे. परवा मी गेलो तेव्हा ताई लोखंडी शिडीवर उभ्या राहून वरून हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या जड झाकणाचे, नट सोडवत होत्या. एक नट गंजून पक्का बसला होता. निमाईदा खालून म्हणत होते की कापून टाका. ताईंनी त्यावर तेल सोडलं, पाना पुन्हा लावला आणि दोन्ही हातांनी जोर द्यायला सुरुवात केली.